भिंगावरचा डाग

३ जून, सोमवार. सकाळी ९.१०
माझ्या भिंगाला पुन्हा कोणीतरी बोट लावले आहे. तपासणीच्या टेबलावरचे भिंग म्हणजे सार्वजनिक नळ नव्हे. बरोबर मधोमध ढगासारखा डाग. तीनदा पुसले, डाग ढिम्म. तेलकट बोट असणार. संशय मशीनवरच्या बाईंवर. त्यांच्या डब्यात रोज काहीतरी तळलेले असते.
संकल्प : आठवड्यात गुन्हेगार पकडणे.

४ जून
भिंगाशेजारी पाटी लावली : 'काचं न स्पृशेत्।' बाईंनी विचारले, साहेब, हा मशीन चालायचा मंत्र का? अख्खी लाइन हसली. संस्कृत न येणाऱ्यांच्या हाती सर्किट बोर्ड द्यावेतच कशाला?
डाग तसाच. म्हणजे पाटीही कोणी वाचत नाही.

६ जून. ११.३०
नवा लॉट, चारशे बोर्ड. हॉस्पिटलातल्या सलाइन पंपांसाठी. नियम असा की पहिला बोर्ड मी बघायचा. मी ओके म्हटल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. बाई बोर्ड घेऊन आल्या. म्हणे, डायोडची पट्टी उलटी वाटतेय. तांदळाच्या कणीएवढा डायोड, त्यावर दिशा दाखवणारी केसाएवढी पट्टी, आणि यांना ती 'वाटते'! पाहिले. सुलटी. म्हणे, अजून एकदा बघता का? संतापच आला. सतरा वर्षं हेच बघतोय म्हटले, आणि दाणकन शिक्का मारला. क्रमांक चार, माझा.
जाताना बाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. मंत्र नक्कीच नव्हता.

८ जून, शनिवार
नवे भिंग आले. पाकीट स्वतः फोडले. त्यातही डाग! कारखान्यातूनच डाग घालून पाठवतात, नीच कुठले. सणसणीत पत्र लिहिले.
घरी बायकोचे सुरू. बल्बभोवती खळं दिसतं म्हणून तीन बल्ब बदललेत, आता डोळे दाखवा. म्हटले, हल्ली बल्बच भिकार निघतात. म्हणाली, आणि काल जिन्यात टांगलेल्या कोटाला 'जेवण झालं का' विचारलंत, तेही बल्बमुळेच?
कोट शेजाऱ्यांचाच होता. चौकशी अगदीच वाया गेली नाही.

११ जून. दुपारी
चाचणीत चाळीस बोर्ड लावले, चाळीसही बंद. डायोड उलटे. मॅनेजर सगळ्यांदेखत ओरडले. मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडलो, बाईंवर. मग 'पाच वेळा का' हा फॉर्म भरला. बोर्ड बंद का? डायोड उलटा. उलटा का? बाईंनी मशीनवर डायोडचे रीळ उलटे लावले. का? निष्काळजीपणा. तो का? तळलेले खाणे. पाचवा रकाना रिकामा ठेवला. चारातच सिद्ध झाले.
बाईंना मेमो. आणखी एक मेमो झाला की नोकरी जाते. जाऊ दे. शिस्त म्हणजे शिस्त.

१२ जून
बाईंचे उत्तर एका ओळीचे : पहिला बोर्ड साहेबांना दाखवला होता, पुन्हा बघा असेही म्हटले होते.
मॅनेजरांनी तोच बोर्ड भिंगाखाली ठेवला. म्हणाले, डायोडवर बोट ठेवा. ठेवले. मग म्हणाले, अहो, ते स्क्रूचं भोक आहे.
बाई हसल्या नाहीत. भिंगाचा दिवा हळूच माझ्याकडे वळवला. त्याचा जास्त राग आला.

१३ जून, गुरुवार
डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. ऑपरेशन करू, लख्ख दिसेल. बायकोने कोटाचासुद्धा विषय काढला नाही.
ऑफिसात येऊन पाचवा रकाना भरला : तपासणाऱ्याला दिसत नाही. बाईंचा मेमो रद्द करावा असे खाली लिहिले. पाटी काढली.
हा लॉट दारातच अडला, कारण उलटा डायोड चाचणीत लगेच पकडला जातो. अर्धवट बसलेला सोल्डरचा जोड मात्र चाचणीत चालतो आणि महिना-दोन महिन्यांनी सुटतो. तो फक्त डोळ्यांनीच पकडायचा असतो, प्रत्येक बोर्डावर, आणि ते काम माझे.
वहीची मागची पाने चाळली. भिंगावरच्या डागाची पहिली तक्रार १९ जानेवारीची आहे.
तेव्हापासून चार नंबरच्या शिक्क्याचे पंप कुणाकुणाच्या उशाशी चालू आहेत. उद्या मॅनेजरांना सांगायचे आहे, की ते सगळे परत मागवा. त्यातला एकही बोर्ड मला दिसलेला नाही.