चार काढले, चार बसवले

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे मला सध्या वाकता येत नाही, तेव्हा यातलं साष्टांग तेवढं मनोमन पोचलं असं समज.) तुझा खोकला थांबला का? वहिनीचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे बरे आहेत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलंय हे तुला कळवलंच होतं. मोतीबिंदू पिकलाय, आता आणखी थांबू नका असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, आणि दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे गाडी हवीच. आणि तू विश्वासाने मला देऊन गेलेली गाडी ब्रेक दाबला की किंचाळायला लागली होती. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू लगेच मुद्द्यावर ये म्हणतोस, आणि मुद्दा कुठे आहे ते मलाच अजून सापडलेलं नाही. शेजारचे मास्तर उद्या तुमच्याकडे येताहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो.

तर पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजलेत हे गॅरेजवाल्याने नुसतं ऐकून सांगितलं, आणि गुरुवारनंतर गाडी आणा, तोवर हात रिकामा नाही, हेही सांगितलं. म्हटलं, ठीक आहे, आपणच करू. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. काही मोडलं की दादाला बोलवा, आणि धड असलेलं काही मोडलं की हा कुठे होता ते बघा. मला त्याचं वाईट वाटायचं, अजून वाटतं. यावेळी ठरवलं, आईला मी नेणार, आणि माझ्या हातच्या ब्रेकवर नेणार.

फोनवर एक व्हिडिओ लावून कामाला लागलो. त्यातल्या गृहस्थाला ‘आता फक्त’ म्हणायची फार सवय. आता फक्त नट काढा. मी गाडी जॅकवर चढवून पाना लावला, तर नटाबरोबर अख्खं चाक गोल फिरायला लागलं. (नट आधी सैल करायचे आणि मग गाडी उचलायची, हे त्याने मी जॅक आणायला गेलो तेव्हा सांगितलं असणार.) पुन्हा खाली, पुन्हा वर. डावं चाक एकदाचं निघालं. नवे पॅड जाड, ते काही केल्या आत शिरेनात, कारण त्यांना दाबणारा पिस्टन बाहेर आला होता. तो आत ढकलायला मी शेवटी स्वयंपाकघरातलं लाटणं आणलं. (ही ते अजून शोधते आहे. तू बोलू नकोस.) डाव्या चाकाने अर्धा दिवस खाल्ला. काढलेले दोन झिजके पॅड मी नव्यांच्याच खोक्यात वरती ठेवले. बाबा नाही का, नवे बूट पायात घालून दुकानातून निघायचे आणि जुने त्यांच्या खोक्यातून घरी आणायचे. तेव्हापासून आपल्याकडे जुनं टाकत नाहीत, नव्याच्या खोक्यात ठेवतात.

जेवून आलो आणि उजवं चाक घेतलं. गाडीखाली चष्मा सारखा नाकावर घसरायचा म्हणून तो घरातच ठेवला. आणि काय सांगू दादा, उजवं चाक चहाला हाक येईपर्यंत झालंसुद्धा. खोक्यातले वरचे दोन पॅड उचलले आणि बसवले. पिस्टन ढकलावाच लागला नाही, पॅड आपणहून जागेवर गेले. हात बसला की काम कसं सोपं होतं बघ. निघालेले दोन खोक्यात टाकले, झाकण लावलं. हिशोब चोख. चार काढले, चार बसवले, चार खोक्यात.

आता माझी मती जिथे गुंग झाली आहे तो भाग. गाडी अजून किंचाळते, पण फक्त उजवीकडून. आणि ब्रेक दाबला की डावीकडे ओढते, मागे कुंपणापाशी तर थोडक्यात वाचली. आधी मला रस्ता उतरता वाटला, म्हणून उलट दिशेने आणून पाहिली, तरी डावीकडेच. मग चाकांतली हवा मोजली. मग हिला उजव्या बाजूला मागे बसवून पाहिलं, ती आता माझ्याशी बोलत नाही. जरा लांबवर नेऊन बघावं म्हणून चावी उचलली की आईला नेमकं काहीतरी हवं असतं. कधी पाणी, कधी पाय चेपून. त्यामुळे गाडी गल्लीबाहेर गेलेलीच नाही. एकाच माणसाने एकाच दिवशी केलेली दोन चाकं अशी वेगळी का वागावीत? तुला काही सुचलं तर कळव. बाकी काळजीचं कारण नाही.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा, गाडीतलं आता थोडंफार कळणारा,
धाकटा भाऊ

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. आईच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या ठेवायला हिला खोकं हवं होतं. तिने ते जमिनीवर उपडं केलं. दोन पॅड पातळ पडले, दोन जाड, अगदी कोरे. म्हणजे उजव्या चाकातले झिजके काढून मी तिथे डाव्या चाकातले झिजके बसवले. वरचं ते ‘थोडंफार कळणारा’ तूच खोडून वाच.

आणखी ता. क. दादा, हे आईला सांगायला गेलो, तर तिला ठाऊक होतं. दिसत नाही म्हणून तिने त्याच संध्याकाळी खोक्यातले पॅड हाताने चाचपून पाहिले होते. मग सांगितलं का नाहीस, म्हटलं, तर म्हणाली, “तू ब्रेक नीट केले असतेस तर मला जावं लागलं असतं.” मला आधी राग आला. मग तिचा हात हातात घेतला तर ती माझी बोटं सोडेचना, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. आपली आई घाबरली आहे रे, आणि मी गाडीखाली होतो. ते दोन कोरे पॅड मी उद्या चष्मा लावून बसवतो, त्याची चिंता नको. पण तू बुधवारीच ये. तिला एका बाजूने तू धरायचं आणि दुसऱ्या बाजूने मी. तू येणार म्हटल्यावर ती जायला तयार झाली आहे. तिची अट एकच, गाडी तू चालवायची नाहीस, मीच चालवायची. मला बरं वाटलं, म्हणून कारण विचारलं. मला म्हणाली, “तू चालवलीस की उशिरा पोचू.”