आईची सूर्यफुलं आणि तुमचे भुंगे

बाबा, आज सकाळी माझ्या अंगणातल्या सूर्यफुलावर तो भुंगा दिसला, पांढुरक्या पाठीवर काळ्या वाकड्या रेघांचा. हातातला चहा निवत गेला आणि मी तुमच्याशी बोलत बसले. आर्णीत मी घर बांधलं, हे तुम्हाला ठाऊकच नाही. त्याच्या किती आधी तुम्ही गेलात.

तेव्हा आपण राळेगावला होतो, तुम्ही एसटीत कंडक्टर. घरामागे गाजरगवत इतकं माजलं होतं की ते उपटून आईचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे, खाजून खाजून ती रडकुंडीला यायची. कुणीतरी तुम्हाला सांगितलं, परदेशातून आणलेले भुंगे आहेत, ते फक्त हेच गवत खातात. झालं, यवतमाळहून येताना तुम्ही भोकं पाडलेला एक डबा मांडीवर घेऊन आलात. गाडीतल्या एका म्हातारीनं विचारलं होतं, "किड्याइचं तिकीट फाडलं का?" हे आम्हाला सांगताना तुमचंच हसू थांबत नव्हतं.

भुंग्यांनी काम चोख केलं. पोळ्यापर्यंत गवताच्या नुसत्या काड्या उरल्या. मग ते वळले कुंपणाकडे, आईच्या सूर्यफुलांवर. बी तिनं माहेरून आणलं होतं, अजून कळीही धरली नव्हती आणि पानांची चाळणी झाली. "तुमच्या पाहुण्याइले घेऊन जा," ती म्हणाली, "नाही तं मी उद्या औषध मारते."

"मारू नोको वं. म्याच आणलं त्याइले, मीच नेतो."

दुसऱ्या दिवशी ड्युटीआधी तुम्ही वाकून एकेक भुंगा डब्यात टाकताय. आई दारातून बघतेय. दोन दिवस असेच जातात. तिसऱ्या दिवशी तिला राहवत नाही. "तसं नाही, पान उलटं करून पाहा," म्हणत ती स्वतःच येते. मग तुम्ही दोघं डबा घेऊन नाल्याकडच्या गवतात भुंगे सोडायला निघता. तुम्ही गाडीतल्या गमती सांगताय आणि आई तोंडाला पदर लावून हसतेय. एरवी स्वयंपाक, पाणी, तुमची ड्युटी. तुम्हाला असं सोबत चालताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

"एवढ्या दूर सोडतो, तरी वापस कसे येतात हे?" तुम्ही एकदा विचारलंत.

"रस्ता पाठ झाला असन," आई म्हणाली. "कंडक्टरचे किडे हायेत ते."

सूर्यफुलं तगली. भोकाभोकांच्या पानांवर ताटाएवढी फुलं आली आणि आईनं शेजारच्या साऱ्या बायकांना बोलावून दाखवली.

बाबा, ते भुंगे आपोआप परत येत नव्हते. शाळेतून येताना मी नाल्यावर थांबायची, आठ-दहा उचलून कंपासपेटीत घालायची आणि हळूच सूर्यफुलावर सोडायची. रोज नाही. तुम्हाला सकाळची ड्युटी नसेल, त्याच्या आदल्या दिवशी. आई आता माझ्याकडेच असते. तिलाही हे मी अजून सांगितलेलं नाही.