परत पाठवलेली मारिंबा

सांता मार्ता, मंगळवार

प्रिय आब्दियास,

देवाच्या कृपेने मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण वाकतो. प्रार्थनेला तेवढं पुरतं. तुझ्या शहरातल्या घरी दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा तुझ्या बायकोने कॉफी दिली आणि पक्षाच्या पिवळ्या टोप्या घातलेल्या माणसांच्या रांगेत मला बसवलं. तू मागच्या दाराने निघून गेलास. दुसऱ्यांदा दारावरचा माणूस म्हणाला, "काकू, पक्ष वाटतोय त्या छपराच्या पत्र्यांसाठी आलात ना? नाव तिकडे सांगा." मी म्हटलं, मी पाळकांची सख्खी बहीण आहे. तो हसून म्हणाला, "आज सगळेच पाळकांचे नातेवाईक आहेत, काकू." रविवारी तू गावात येतोस तो उपासनेपुरता. आशीर्वाद दिलास की गाडीत बसतोस. म्हणून लिहिते आहे.

गावात सगळं ठीक आहे. मका भरला आहे. प्रार्थनागृहाच्या मागची भिंत ओल धरते आहे, ती बघायला हवी. रोसेंदाची शिक्षा अजून संपलेली नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नात दोन गाणी नाचली म्हणून तू तिला शेवटच्या बाकावर बसवलंस. तीन महिने गाणं नाही, साक्ष नाही, प्रभुभोजन नाही. पोरगी दर रविवारी वेळेवर येते, मान खाली घालून बसते. ओठ मिटून बसते, पण गीत सुरू झालं की तिचा गळा हलताना दिसतो. मी तेव्हा तुझ्याच बाजूने बोलले होते, हे तुला आठवत असेल.

बाबा कॅथलिक देऊळ सोडून या मंडळीत आले तेव्हा तू जन्मला नव्हतास. म्हणून तर मला एका कॅथलिक संतिणीचं नाव मिळालं आणि तुला संदेष्ट्याचं. त्याआधीचे बाबा तू पाहिले नाहीस. लोक त्यांच्याबद्दल म्हणायचे, जत्रा कुठल्याही गावची असो, मारिंबेवर फिदेन्सियो हवाच. लाकडी पट्ट्यांची ती लांबलचक मारिंबा तिघांची होती, तिघे शेजारी शेजारी उभे राहून वाजवायचे. खर्जाकडे कासिमिरो, मध्ये त्याचा चुलता आणि बारीक पट्ट्यांकडे बाबा. जिथे मारिंबा तिथे दारू, आणि जिथे दारू तिथून बाबांना शोधून आणायचं काम माझं. मग नदीकाठी तंबूतला तो उपदेश झाला, बाबांचा बाप्तिस्मा झाला. बाकीच्या नव्या विश्वासणाऱ्यांनी आपापली वाद्यं जाळली. बाबांना जाळता येईना, कारण मारिंबेचे दोन वाटे दुसऱ्यांचे होते. त्यांनी आपल्या वाजवायच्या काठ्या कासिमिरोच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "माझी जागा कुणाला तरी दे. रिकामी ठेवू नकोस, नाहीतर मी परत येईन."

ते परत गेले नाहीत. जत्रेचे दिवस आले की ते प्रार्थनागृह झाडायला जायचे. एकदा झाडून झालं की पुन्हा झाडायचे. चौकातून सूर यायचे आणि ते मोठ्याने गीत म्हणायचे, बेसूर, कारण कान तिकडे असायचे. आई चेष्टा करायची, "देवाचं घर इतकं स्वच्छ वर्षात एकदाच असतं." जेवताना त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर चालायची आणि लक्षात आलं की ते हात मांडीखाली घेऊन बसायचे. म्हातारपणापर्यंत असे बसायचे. मोह म्हणजे काय आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे काय, ते मी कुठल्या बायबल-शाळेत शिकले नाही, तुझ्या उपदेशातही नाही. बापाच्या मांडीखालच्या हातांत पाहिलं.

तरी मोहावरचा तुझा तो उपदेश मोठा होता, हे मी नाकारत नाही. येशूचा अरण्यातला उपास, उंच डोंगर, खाली पसरलेली सगळी राज्यं, आणि सैतानाचं म्हणणं की एकदा वाक, हे सगळं तुझं. तू म्हणायचास, सैतान कधी वाईट वस्तू देऊ करत नाही, तो चांगलीच देतो. चार गावांची माणसं ऐकायला यायची. मी पहिल्या बाकावर बसायचे आणि मनात म्हणायचे, याला अक्षरं मी शिकवली.

आता त्या दुपारबद्दल. बाबांचा तो शेवटचा आठवडा होता. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "ओतिलिया, 'मार्सेलिना' एकदा ऐकायची आहे. घरात नको. बाहेर रस्त्यावर वाजू दे, मी इथून ऐकेन." आईच्या नावाची ती चाल त्यांनी स्वतः बसवली होती, लग्नाआधी. मी निरोप धाडला. कासिमिरो आला, या वयात कपाळाला पट्टा लावून पाठीवर मारिंबा घेऊन, आणि बरोबर दोघे. आणि तू बाबांच्या खाटेशी बसून म्हणालास, "बाबा, वेशीपर्यंत आलात आणि आता लोटाच्या बायकोसारखं मागे वळून बघता? इतक्या वर्षांचं नाही म्हणणं एका गाण्यासाठी घालवता?" तू माझ्याकडे बघून म्हणालास, "ताई, त्यांना जायला सांग."

मी गेले. सांगितलं. कासिमिरोने मारिंबा खाली ठेवली होती, तिचे पाय लावत होता. तो म्हणाला, "बाई, हे तुमच्या बापाचं म्हणणं की तुमच्या पाळकाचं?" मी म्हटलं, देवाचं. त्याने पुन्हा पट्टा कपाळाला लावला. चालताना मारिंबेच्या खालचे लाकडी डबे एकमेकांवर आपटत होते, खट् खट्, वळणापर्यंत. बाबांनी विचारलं, "गेले?" मी म्हटलं, गेले. "बरं झालं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी गाणं म्हणून ऐकलं ते ती खट् खट्, एवढंच.

यावर मी चार वर्षं रडले नाही. बापाने देवाला दिलेली वस्तू शेवटच्या दिवशीही अख्खी राहिली, असं मी स्वतःला सांगत आले. कठीण होतं, पण खरं होतं.

गेल्या आठवड्यात कासिमिरो दारात आला. बसला नाही. म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ परवा आमच्यापुढे नाचला. ताल बरा आहे. बापाचाच आहे." मला वाटलं, म्हातारा जुनं उट्टं काढतो आहे. मग रोसेंदाच्या आईने आपल्या फोनवर दाखवलं. शहराच्या चौकात सभा, महापौरपदाच्या त्या उमेदवाराचा हात तुझ्या खांद्यावर, फलकावर त्याच्या पक्षाच्या नगरसेवकांच्या यादीत तिसरं नाव तुझं. मागे मारिंबा. माईकवर तू: "मी पाळक आहे, पण आधी मारिंबावाल्याचा मुलगा आहे! माझ्या बाबांइतकी मारिंबा या खोऱ्यात कुणी वाजवली नाही. ही आपली संस्कृती आहे, भावांनो! वाजवा 'मार्सेलिना', माझ्या बाबांसाठी!" आणि कासिमिरोने वाजवली. पूर्ण वाजवली. तू उमेदवाराच्या बायकोबरोबर नाचलास आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मारिंबा पाप आहे की नाही, यावर मी वाद घालणार नाही. तू ज्ञानी आहेस, दोन्हीकडची वचनं काढशील. पण तू मरणाऱ्या माणसाला सांगितलंस की ते पाप आहे आणि मत देणाऱ्यांना सांगितलंस की ती संस्कृती आहे. दोन्ही वेळा तोंड तेच होतं. पाप असेल, तर तू चौकात नाचलास. नसेल, तर तू माझ्या बापाला उपाशी मारलंस आणि वाढायला आलेल्यांना माझ्या तोंडून हाकललंस. आणि ज्याला ती ऐकू दिली नाहीस त्याच्याच नावाने ती वाजवायला लावलीस. आब्दियास, डोंगरावर सैतानाने तुला काय दाखवलं रे? नगरपालिकेतली एक खुर्ची?

मंडळीचा नियम तूच आम्हाला शिकवलास. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून सांगावं. ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार घेऊन जावं. तरीही नाही तर मंडळीपुढे. तुझ्या घरात एकांत उरलेला नाही, म्हणून हे पत्र म्हणजे ती पहिली पायरी. अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. या रविवारी मंडळीपुढे उभा राहा. बाबांना काय म्हणालास ते सांग, माईकवर काय म्हणालास ते सांग आणि दोन्हींतलं खोटं कुठलं तेही सांग. मग शेवटच्या बाकावर जाऊन बस, रोसेंदाशेजारी. दुसऱ्या बाजूला मी बसेन, तुझी शिक्षा संपेपर्यंत. तू ऐकलंस तर मला माझा भाऊ परत मिळाला. नाही ऐकलंस, तर पुढच्या रविवारी मी साक्षीदार घेऊन येईन. एक रोसेंदाची आई. दुसरा कासिमिरो. तो कॅथलिक आहे, ठाऊक आहे. साक्षीदार कुठल्या देवळातला असावा हे वचनात लिहिलेलं नाही, मी शोधून पाहिलं. तो बाहेर रस्त्यावर उभा असेल, मारिंबा पाठीवर घेऊन. या खेपेला मी त्याला जायला सांगणार नाही.

तुझीच, अजून तरी तुझीच,
ताई
ओतिलिया