ओकवरचे तीन घाव

ब्रॉड नदीकाठ, कॅरोलायना
४ ऑक्टोबर १७८६

ती. केझायाताईस,
मिकाजाचा शि. सा. न. वि. वि.

तंबाखू यंदा छान सुकला. मी मात्र पेचात आहे. लेम्युएल स्ट्राउडने शेजारच्या विधवा डॉर्कसबाईंच्या झऱ्यावर हक्क सांगितलाय. पुरावा म्हणजे झऱ्यापलीकडच्या ओकच्या झाडांवरचे कुऱ्हाडीचे तीन-तीन घाव. आपल्याकडे झाडावरचा घाव म्हणजे हद्द. कागद कोण वाचतो? झरा गेला तर बाईंना घरदार सोडावं लागेल, आणि मॅजिस्ट्रेट म्हणून निकाल मीच द्यायचा.

ताई, ते घाव माझे आहेत. स्वातंत्र्याच्या लढाईत कप्तान वॉडेलनी मला इंग्लंडच्या राजाचे घोडेस्वार हेरायला धाडलं, मी गेलो टॅबिथाच्या माहेरी; तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. परतीची वाट चुकू नये म्हणून झाडांवर खुणा केल्या, आणि परतल्यावर चाळीस घोडेस्वार पाहिल्याचं ठोकून दिलं. त्याच पराक्रमावर कप्तानांनी ही खुर्ची मिळवून दिली. आता खरं कसं बोलू?

तुझ्या सल्ल्याकडे डोळे लावून बसलेला,
मिकाजा

कॅमडेन
१२ ऑक्टोबर

चि. मिकाजास,
आशीर्वाद तूर्त राखून ठेवलेत.

चाळीस? मागच्या नाताळात माझ्या पोरांना तू साठ सांगितलेस. मला तेव्हाच संशय आला होता. हेरगिरीहून परतणाऱ्याच्या खिशात सफरचंदाचा केक कसा?

खुर्ची लाकडाची आहे, दुसरी मिळेल. डॉर्कसबाईंना दुसरा झरा कुठून आणशील? सगळ्यांना त्या खुणांवरून चालव, म्हणजे कळेल ती कसली हद्द.

टॅबिथाला पोटभर आशीर्वाद. तुझे, खरं बोललास की पाठवीन.

केझाया

ब्रॉड नदीकाठ
२९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

खुर्चीवरून उतरलो आणि बायबलवर हात ठेवून सगळं सांगितलं. स्ट्राउड म्हणाला, बाईंची कणव येऊन मॅजिस्ट्रेट थापा मारतोय. मग सगळी कचेरी खुणांवरून चालवली. झरा मागे पडला, ओढा मागे पडला, आणि घाव थेट सासरेबुवांच्या मांस धुरवायच्या खोपीच्या दाराशी जाऊन टेकले. हद्द कुणाच्या खोपीत शिरत नाही, हे स्ट्राउडलाही पटलं. झरा बाईंचाच राहिला.

कप्तान वॉडेल लंगडत मागून आले. मग म्हणाले, "मिकाजा, तुझ्या त्या चाळिसांपायी मी दोन दिवस दलदलीत बसलो. गुडघे अजून दुखतात." खुर्ची मात्र राहू दिली. "खोटं ओळखायला तुझ्याइतका जाणता कुठे मिळणार," म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण टॅबिथा खोपीच्या मागे गेली. तिथून दोन-दोन घावांची दुसरी ओळ निघते, ती गिरणीवाल्याच्या घराकडे. त्याला तेव्हा लग्नाच्या तीन मुली होत्या. तिने शांतपणे विचारलं, "आणि इकडे किती घोडेस्वार पाहिलेत?"

ताई, त्या एका दिवशी मी खरोखरच शत्रूच्या मागावर होतो. पुन्हा बायबल मागवलं, तर ती म्हणाली, बायबलला थोडी विश्रांती द्या.

सध्या मुक्काम तंबाखूच्या कोठारात आहे. राखलेले आशीर्वाद आता लवकर पाठव.

तुझा, एकदा तरी खरा हेर,
मिकाजा