कोरड्या खोलीतली गोगलगाय

प्रिय आत्या,

आधी माफी मागून टाकते. माझं शुद्धलेखन कसं आहे ते तुला माहीत आहे आणि टायपिंग त्याहून वाईट. सगळं एका बोटाने चाललंय, तेही डाव्या हाताच्या, कारण उजव्या हाताची बोटं इतकी कोरडी पडलीत की फोनला ती बोटं वाटतच नाहीत (का, ते पुढे येईल). त्यामुळे हे पत्र तुला मिळेपर्यंत यातल्या बातम्या शिळ्या झाल्या तर समजून घे. तुझ्या गुडघ्याला नमस्कार सांग. तुलाही नमस्कार, पण सध्या सगळे आधी गुडघ्याचीच चौकशी करतात म्हणून त्याला पहिला. शिलाई मशीन कसं आहे? मधेच धागा तोडायचं ते थांबलं का? (मशीनचं मी एवढं का विचारतेय असं मनात आणू नकोस, सहज विचारलं.) इकडे सगळं ठीक. आई बरी आहे. बाबा तसेच, म्हणजे काही विचारलं की मिशीवरून हात फिरवतात. एकदा फिरवला की हो, दोनदा फिरवला की नाही, आणि नुसतं टोक ओढलं की आईला विचार.

मागे फोनवर तू विचारलं होतंस, अगं, बॅटरीच्या कारखान्यात करतेस तरी काय, टॉर्चमध्ये सेल भरतेस का? मी "हं" म्हटलं, आणि मग तू शेजारणीच्या ब्लाउजकडे वळलीस ते फोन ठेवेपर्यंत. तर ते "हं" म्हणजे हो नव्हतं. ते नेहमीचं "हं" होतं. टॉर्चचा काही संबंध नाही. आमच्या बॅटऱ्या गाड्यांना लागतात, बसला लागतात, आणि एकेक एवढी मोठी असते की ती उचलायला गाडी लागते, आणि ती गाडीपण बॅटरीवर चालते. (हे पहिल्या दिवशी कळलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत उभी होते. मग कोणीतरी म्हणालं, बाजूला हो, गाडी येतेय.)

नोकरी तुझ्यामुळेच लागली हे मी विसरलेले नाही. मुलाखतीला तू बरोबर आलीस, त्या साहेबांनी मला नाव विचारलं, ते तू सांगितलंस. शाळा का सोडली विचारलं, तेही तूच सांगितलंस, की पोरगी हुशार आहे हो, पण तोंडी परीक्षेला उभी राहिली की सगळं पोटात जातं आणि पोटातून काही वर येत नाही, म्हणून नववीनंतर घरीच बसली. मग त्यांनी विचारलं की पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, तर तू म्हणालीस, माझं स्वतःचं दुकान असेल, काचेचं दार असलेलं. तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवून विचारलं होतं, नोकरी नक्की कोणाला हवीय? पण मला घेतलं. नंतर कळलं की त्यांना अशीच माणसं हवी होती, हात बारीक कामाला बसलेले आणि तोंड कमी चालणारं. आत्या, कमी बोलणं हा गुण आहे असं म्हणणारी जागा मला जन्मात पहिल्यांदा भेटली.

आता जागेचं सांगते. त्या खोलीला कोरडी खोली म्हणतात. बॅटरीच्या पोटात जे सामान जातं त्याला ओल अजिबात चालत नाही, थोडी जरी लागली तरी माल बाद. म्हणून आतली हवा मशीनने सुकवून सोडतात. (माझ्या उजव्या बोटांचं पाणी तिनेच पळवलं, डावी अजून तग धरून आहेत.) केस ओले असले की आत नाही. पावडर नाही, अत्तर नाही. माणसंसुद्धा मोजकीच सोडतात, कारण माणूस श्वास सोडतो आणि श्वासात ओल असते. (म्हणजे तिथे माणूस हाच मुळात एक गळका नळ आहे.) आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, टोपी त्यालाच जोडलेली, तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. बाहेर काय उरतं? काही नाही! आरशात मी मलाच ओळखलं नाही. कोण कुठली, किती शिकलेली, लाजते की नाही, काही कळत नाही. मला इतका आनंद झाला की मी मास्कच्या आत मोठ्याने हसले आणि ते कोणालाही दिसलं नाही. असे कपडे रस्त्यावर का घालत नाहीत?

आणि काम तर असं आवडलं! एक काळी पट्टी, एक चकचकीत पट्टी, मधे पांढरी पातळ फिल्म, पुन्हा काळी, पुन्हा फिल्म. मशीन रचत जातं, मी बघत जाते, कड जरा वाकडी दिसली की बाजूला काढते. तुझ्याकडे अस्तर सरळ करायला बसायचे ना, अगदी तसंच. सहा महिने कच्ची नोकरी आणि मग एक परीक्षा घेऊन पक्की. ही परीक्षा तोंडी असते हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारायला बोलावं लागतं.

तर झालं असं. भिंतीवर एक मीटर आहे, हवेत किती ओल आहे त्याचा आकडा दाखवणारं. आकडा वर गेला की लाल दिवा, आणखी वर गेला की भोंगा, आणि मग सगळी लाइन बंद. मी आल्यापासून तो आकडा मधेच वर जायला लागला. मधेच, म्हणजे काही नेम नाही. कोणी म्हणे दार नीट लागत नाही, कोणी म्हणे वरच्या पाइपला भोक आहे. पलीकडच्या टेबलावरच्या जाड्या दादाला सगळे टोमणे मारायला लागले, तू पाणी किती पितोस, उंटासारखा साठवून आणतोस का. बिचाऱ्याने पाणी कमी केलं, आकडा तसाच. शेवटी धूरकाकांना बोलावलं. हे आमचे हवेच्या मशीनचे मेकॅनिक. हातात धुराची कांडी घेऊन फिरतात, आणि धूर जिकडे वळतो तिकडे फट आहे असं समजतात. त्यांनी दारं बघितली, छत बघितलं, सांधे बघितले, सगळीकडे धूर सरळ उभा. फिरत फिरत माझ्या टेबलाशी आले (मीटरची ओल चाखणारी नळी नेमकी माझ्या डोक्यावर आहे, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं) आणि सहज म्हणाले, काय गं पोरी, नवीन का? लाल दिवा.

ते गप्प झाले. दिवा विझला. ते म्हणाले, जेवलीस का? लाल दिवा. पुन्हा गप्प. पुन्हा विझला. आता त्यांना मजा वाटायला लागली आणि सगळी लाइन काम सोडून बघायला लागली. घरी कोण कोण असतं? दिवा. लग्नबिग्न ठरलंय का? आत्या, भोंगा वाजला! कोणी माझ्याशी बोललं की मला दरदरून घाम फुटतो हे तुला माहीत आहे, पण तो भिंतीवर आकड्यात दिसावा आणि त्याला भोंगा असावा, असं माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मला वाटलं, झालं, आता घरी पाठवणार. टेबल हलवता येत नव्हतं, ते फरशीला पक्कं ठोकलेलं, आणि नळी हलवायची तर साहेबांच्या साहेबांची परवानगी हवी. मी डोळे मिटून उभी राहिले. (रडले नाही. रडणं म्हणजे आणखी ओल.)

पण आमच्या लाइनच्या बाई, म्हणजे सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या, कडक म्हणून सगळे त्यांना वचकून असतात, त्या म्हणाल्या, हात चांगला आहे हिचा, हिला काढायचं नाही. आणि त्यांनी दारावर सूचना लावली की कामाच्या वेळी या टेबलावरच्या मुलीशी कोणीही बोलू नये. आत्या, विचार कर! माझ्याशी न बोलण्याचा लेखी हुकूम! मी तो रोज आत जाताना वाचायचे. असे दिवस परत येणार नाहीत.

आलेच नाहीत. सहा महिने भरले आणि बाईंनी सांगितलं, उद्या परीक्षा, साहेब येऊन तुझ्या टेबलाशीच प्रश्न विचारतील, तोंडी. लाल दिवा तिथल्या तिथे लागला. त्या म्हणाल्या, बघ, भोंगा वाजला तर लाइन बंद पडेल, आणि परीक्षेत लाइन बंद पाडणारीला पक्की करणं माझ्या हातात नाही. घरी येऊन मी आईला काही सांगितलं नाही. मला एवढंच वाटत होतं की ही एक जागा होती जिथे मीच मला बरी वाटत होते, आणि तीही तोंडी परीक्षेतच जाणार.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साहेब कसले, नुकतेच कॉलेजातून आलेले इंजिनिअर, परीक्षा घ्यायची त्यांची पहिलीच वेळ. माझ्यासारखेच पांढऱ्या सुटात, नुसते डोळे दिसणारे, आणि वर दोन जाड भुवया. समोर उभे राहिले. हातातल्या प्रश्नांच्या पाटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा पाटीकडे. तुमचं... तुमचं काम... म्हणाले आणि लाल दिवा लागला. सगळी लाइन माझ्याकडे बघायला लागली. जाड्या दादाने तर कानावर हातच ठेवले. मीही माझ्याकडेच बघितलं. आणि आत्या, मोज्यांच्या आत माझे हात कोरडे! पाठ कोरडी! मी घाबरायचं अजून सुरूच केलं नव्हतं, त्यांच्या प्रश्नाची वाट बघत होते. मग ओल कोणाची? वर बघितलं तर साहेबांचा चष्मा आतून पांढरा झालेला.

मला इतकी दया आली! तोंडी परीक्षेत उभं राहिलं की घाम फुटतो तो मला ठाऊक आहे, तो परीक्षा घेणाऱ्यालाही फुटतो हे ठाऊक नव्हतं. आकडा चढत होता. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, साहेब, मीटरकडे बघू नका. पाटीकडेपण बघू नका. माझ्या हातांकडे बघा. त्यांनी बघितलं. मग काहीतरी बोलत राहायला हवं म्हणून मी बोलत राहिले. ही काळी पट्टी, ही चकचकीत पट्टी, दोघींची एकमेकींना ओढ भयंकर, पण चिकटल्या तर आग, म्हणून मधे ही पांढरी फिल्म. ही म्हणजे भांडणाऱ्या दोन जावांच्या मधे बसलेली माझी आत्या. दोघींना भिडू देत नाही, पण निरोप मात्र इकडचे तिकडे सगळे पोचवते, आणि त्या निरोपांवरच घर चालतं. साहेब हसले. (चष्म्यावरून कळलं, तो हलला.) मग मी तू शिवताना कशी बोलतेस ते आठवून तशीच सुटले. इथून गठ्ठा पुढे जातो, तिथे त्यात औषधासारखं पातळ रसायन भरणारे आहेत, मग तोंड बंद करणारे, मग हळूहळू चार्ज करून चांगली-वाईट निवडणारे, प्रयोगशाळेत तपासणाऱ्या ताई आहेत, हवा सांभाळणारे काका आहेत, आग लागू नये म्हणून दिवसभर नुसतं बघत फिरणारे आहेत, आणि मागच्या शेडमध्ये म्हाताऱ्या बॅटऱ्या उघडून त्यातलं चांगलं सामान परत काढणारे. कोणी शिकून आलंय, कोणी इथेच शिकलंय. मी थांबले तेव्हा दिवा कधीच विझला होता. धूरकाका दारात कांडी धरून उभे होते, ती विझून गेली होती.

पक्की झाले, आत्या! बाबांनी मिशीवरून एकदा हात फिरवला आणि मग आणखी अर्धा. त्या अर्ध्याचा अर्थ आम्ही अजून शोधतोय.

आता मला कोणाचीही भीती वाटत नाही. काळजी घे, गुडघा वाकवू नकोस.

तुझीच,
गोगलगाय

ता.क. जाता जाता त्या साहेबांनी मला काहीतरी विचारलं आणि मी सवयीने मान हलवली. ते असं होतं की कारखान्याला नवीन मुलं-मुली हवी आहेत, तर शाळेत जाऊन या कामाबद्दल तुम्ही सांगाल का? शाळा म्हणजे माझीच. तोच हॉल. तोंडी परीक्षेचे सर पहिल्या रांगेत बसणार. आणि मास्क नाही! कारखान्याचा सूट खोलीबाहेर न्यायला बंदी आहे, मी विचारून बघितलं (हो, विचारलं). तर मशीन बरं असेल तर मला तसाच एक सूट शिवून दे. पांढरं जाड कापड, डोक्याला टोपी जोडलेली, पुढे चेन, मास्कला कानांना अडकवायचे बंद. माप तुझ्याकडे आहेच, उंची बोटभर वाढवून धर. मुलांना वाटेल कामाचा पोशाख दाखवायला आणलाय.

ता.क. २. दोन शिव. ते साहेबही येणार आहेत बोलायला. खांदे माझ्या टेबलापेक्षा जरा कमी रुंद (मोजले नाहीत, समोर उभे होते म्हणून कळलं). तुझ्या डोक्यात आत्ता जे आलं ते काढून टाक, त्यांना फक्त सूट हवाय. आईला दुसऱ्या सुटाचं सांगू नकोस.

ता.क. ३. वर भीती वाटत नाही असं लिहिलंय ते वाक्य सोडून वाच. टायपिंग हळू असल्यामुळे परत मागे जात नाही. पण जाणार आहे मी, सूट झाला तरी आणि नाही झाला तरी. झाला तर बरं.

ता.क. ४. बाबांनी आज सकाळी मिशी काढून टाकली. घरात अजून कोणी एक शब्द बोललेलं नाही.