पळसाचं पाणी

१७ मार्च २०२५

नाल्याचा वास आज थेट जेवणाच्या टेबलापर्यंत आला. खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी आमच्या नाला समितीचे महाशब्दे फाटकातूनच सांगून गेले — "मालिनीताई, तुमच्या पत्रानं काम केलं! म्हशीवालीला नोटीस लागली. एकतीस तारखेपर्यंत गोठा खाली."

म्हशीवाली म्हणजे लंकाबाई. कॉलनीच्या मागे, नाल्याच्या काठावर तिच्या दोन म्हशी. आम्ही इथं राहायला आल्यापासून तिचंच दूध. पत्र मीच लिहिलं, जानेवारीत — 'गोठ्याचे सांडपाणी थेट नाल्यात सोडले जाते.' कॉन्व्हेंटचं वळणदार अक्षर म्हणून असली पत्रं माझ्याकडेच येतात. महापालिकेच्या साहेबांनी म्हणे अक्षराचं कौतुक केलं. मला बरं वाटलं. ते इथं लिहून ठेवते — बरं वाटलं.

१८ मार्च

लंकाबाई दूध घालून गेली. नोटिशीबद्दल चकार शब्द नाही. माप भरून वर नेहमीसारखी धारही सोडली. मी तिच्याकडे न बघता पातेलं पुढं केलं.

पळसाची फुलं भिजत घातली. पेठ तालुक्याकडच्या बायका बाजारात घेऊन बसतात, त्यांच्याकडून आणली. आई मोठ्या तांब्याच्या घंगाळात भिजवायची, सगळ्या घराला ओल्या पाल्याचा वास यायचा. आता गल्लीत सगळीकडे पुडीतला गुलाबी. केशरी फक्त आमच्याकडे. उद्या लेक हर्षाली स्वरदाला घेऊन येईल. नातीला तरी तो रंग माहीत असावा.

१९ मार्च, रंगपंचमी

स्वरदा दोन तास नुसती भिजत होती. मागच्या मोरीत तिला आंघोळ घातली. उरलेल्या दोन बादल्याही तिथंच ओतल्या, फुलांसकट. गाळायचा कंटाळा.

चार वाजता मागच्या फाटकाशी लंकाबाई. "ताई, जरा खाली या."

उतार उतरून गेले. कॉलनीत लायनी दोन. एक ड्रेनेजची — संडास-बाथरूमचं पाणी शुद्धीकरणाला जातं. दुसरी फक्त पावसाच्या पाण्याची, ती सरळ नाल्यात उघडते. मार्चमध्ये तिचं तोंड कोरडं ठक्क हवं. त्यातून केशरी पाणी पडत होतं. मध्येमध्ये पाकळ्या.

लंकाबाईनं एक पाकळी उचलून तळहातावर घेतली. "पळस तुमच्याच घरी भिजतो ना, ताई?"

टोमणा नव्हता. विचारत होती.

मी म्हटलं, "कुणाचाही असेल."

२१ मार्च

दीपक प्लंबरला बोलावलं. त्यानं सगळीकडे पाणी सोडून पाहिलं. "काकू, तुमचं सगळंच पावसाळी लायनीत जातंय. मोरी, बाथरूम, संडास. कुणी जोडलं हे?"

मी आश्चर्य दाखवलं. चांगलं जमलं.

इथं तरी खरं लिहावं. १९९७. बंगला पुरा होत आला होता. ड्रेनेजचं चेंबर खाली गोठ्यापाशी, आणि मध्ये काळा खडक. हे म्हणाले, "सध्या पुढच्या पावसाळी लायनीला जोडून टाकू. नंतर बघू." खणायला लंकाबाईचा नवरा होता, सावळीराम. मी त्याला चहा नेऊन दिला. त्या 'नंतर'ला अठ्ठावीस वर्षं झाली. हे गेले, सावळीराम त्यांच्याही आधी गेला.

विसरले असं म्हणू का? विसरले नव्हते. नाल्याकडची खिडकी बंद ठेवायची सवय लागली, एवढंच.

शाळेत सिस्टर फिलोमिना नकाशावर बोट फिरवायच्या — त्र्यंबकहून निघालेली गोदावरी, नाशिक, नांदेड, राजमहेंद्री, मग निळा समुद्र. "Girls, what you throw here, somebody's child will bathe in there." मी वहीत समुद्र रंगवला होता. खूप निळा. आमचा नाला नासर्डीत, नासर्डी गोदावरीत.

२२ मार्च

दूध आलं. घेतलं. लगेच आत आले.

२४ मार्च

धीर करून महाशब्द्यांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावलं.

"अहो हळू! माझंही तिकडेच आहे. आपल्या ओळीतले नऊ बंगले तसेच आहेत. गोठा जातोय, विषय मिटतोय. आता तुम्ही कशाला उकरताय?"

मग म्हणाले, "चहा घ्या."

घेतला. सोबतचं बिस्कीटही खाल्लं.

२७ मार्च

पत्र लिहायला बसले. तीनदा फाडलं. प्रत्येक वेळी अक्षर सुंदर.

शाळेत कॅथलिक मुली त्या लाकडी खणात जाऊन पापं सांगून यायच्या. बाहेर येताना चेहरे हलके. आम्हा बाकीच्यांना आत जाता यायचं नाही. मला फार हेवा वाटायचा. तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं.

२९ मार्च

लंकाबाई रिकामी किटली घेऊन आली. "आजपासनं दूध नाय, ताई. म्हशी पहाटं घोटीला भावाकडं धाडल्या. टेम्पोत चढंनात. धाकली तर लय वरडली."

"अगं, अजून दोन दिवस होते ना."

"दोन दिसानं काय व्हनार? मान्सं येऊन पत्रे उचकटनार, म्हशी बुजनार. त्यापरीस आपणच गेलेलं बरं."

जाता जाता वळली. "स्वरदीला पिशवीचं दूध द्याल तर त्यात पाणी नका घालू. ते मुळातच पातळ हाय."

शब्द तोंडाशी आले होते. म्हटलं, "सांभाळून राहा."

१ एप्रिल

विभागीय कार्यालयात गेले. पत्र दिलं. घरचं सांडपाणी पावसाळी गटारात, १९९७ पासून, मला माहीत असताना. गोठ्याविरुद्धची तक्रार न पाहता केलेली. खाली सही.

कारकुनानं दोनदा वाचलं. "पण मॅडम, गोठा तर गेला. आता हे कशाला?"

"पोच द्या," म्हटलं.

त्यानं शिक्का मारला. जिन्यात महाशब्दे भेटले. त्यांनी कठड्याकडे तोंड फिरवलं. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही.

४ एप्रिल

खडक फोडायला सुरुवात झाली. माझा पाइप ड्रेनेजला जोडायचा म्हणून दीपकनं गोठ्यापाशी चेंबरचं झाकण उचललं. आत एक जुना पाइप आधीच आलेला.

"काकू, ही गोठ्याची लायन. पहिल्यापासून ड्रेनेजलाच आहे. नाल्यात काहीच जात नव्हतं यांचं."

पाइपाच्या तोंडाशी, सिमेंट ओलं असताना बोटानं ओढलेलं — सा. १९९७.

त्याच्या शेजारी दीपकनं खडूनं माझी जागा आखली.