छप्पन्न दिवसांचं पिल्लू

प्रिय मम्मी,

पत्र बघून हसशील, माझं मराठी अक्षर तुला माहितीये. पण ऐक ना! रविवारी आपल्या घरी पिल्लू येणार आहे, म्हणजे तू हो म्हणालीस तरच. मुकुंदवाडीच्या द्वारकाबाई, आपल्याकडे दूध द्यायच्या त्या, त्यांच्या कुत्रीला चार पिल्लं झालीत.

मला तांबडं पाहिजे होतं. मी गेले की बुटाची लेस ओढायचं, लई मस्तीखोर. पण द्वारकाबाईंनी आधी विचारलं, दिवसा घरी कोण असतं? मी म्हणाले, एक वाजेपर्यंत कोणीच नाही. मग त्यांनी पांढऱ्या पायांची काळी दाखवली. ती एकटीच पोत्याशी खेळत बसते, रडत नाही. "हीच ने," म्हणाल्या. आधी वाईट वाटलं. आता मला तीच आवडते.

छप्पन्न दिवस व्हायच्या आत पिल्लाला आईपासून तोडायचं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. मी छप्पन्न म्हणजे फॉर्टी सिक्स धरलं आणि दहा दिवस आधीच टॉवेल, टोपली घेऊन हजर! "लई घाई झाली व्हय गं? इंग्लिश शाळेत दहा दिवस खाऊन टाकतात काय?" द्वारकाबाई म्हणाल्या आणि अख्खी गल्ली हसली. मग रोज कॉलेज सुटलं की तिथंच जाऊन बसते. दूध पाजून कुत्री बाहेर गेली की तिघं झोपतात. काळी मात्र दाराकडं बघत बसते.

पप्पांनी नाही-नाही म्हणत वाटी आणली. सकाळी फिरवायचं काम त्यांचं. लसीच्या तारखा, दुपार, रात्र माझ्याकडं. काल ते पलंगाखाली वाकले होते. बघितलं तर तुझ्या घरातल्या चपला काढून कपाटावर ठेवत होते, पिल्लू चावेल म्हणून. सहा महिने त्या तिथंच होत्या. नांदेडला मामाकडं तू दुसऱ्या घेतल्या असशील.

द्वारकाबाईंची एकच अट आहे, घरातल्या सगळ्यांचं हो पाहिजे, नाहीतर पिल्लाचे हाल होतात. "माणसं किती घरात?" मी पटकन तीन म्हणाले. "मग तिसऱ्याला विचार आन् ये." पिल्लाचं तर मी फोनवर पण विचारलं असतं. पण मी खरं बोलले का खोटं, हे फोनवर विचारायला जमेना. मम्मी, आपण तिघं आहोत ना?

तुझीच,
मनू